पाटासकट दोन फूट चार इंच

माझा आजही ठाम दावा आहे की गणपतीच्या उंचीत पाट धरायचा नसतो. पेणमधल्या कुठल्याही कारखान्यात जाऊन विचारा. पण करोनाच्या पहिल्या वर्षी आमच्या कारखान्यात मोजायची फीत घेऊन आलेल्या नगरपालिकेच्या साहेबांना हे सांगता सांगता माझ्या घशाला कोरड पडली, आणि तरी ते म्हणाले, "आदेशात पाट वेगळा लिहिलेला नाही."

आदेश असा होता की घरगुती गणपती दोन फुटांच्या वर नको. तो मोबाइलवर आला तेव्हा आमच्याकडच्या निम्म्याहून अधिक मूर्ती रंगून झाल्या होत्या. आजार खोटा होता असं मी म्हणत नाही. आमच्या आळीतली धडधाकट माणसं गेली. म्हणून तर चीड येते. कंपनीच्या बसगाड्या शिफ्टची माणसं खच्चून भरून दारावरून जात होत्या, त्यांना कुणी फीत लावत नव्हतं. आणि आमच्याकडे दोघांत सहा फूट अंतर ठेवा म्हणणारी चार माणसं एका मूर्तीला डोकं लावून उभी होती, साहेबांचा मास्क हनुवटीवर.

ती मूर्ती माझ्या आत्याची होती. आत्या वरसेला राहते, रोह्याच्या अगदी लगत. तिचं लग्न झालं त्या वर्षापासून तिचा गणपती बाबांनीच केलेला. इतर मूर्ती साच्यातून निघतात. आत्याची मात्र बाबा हाताने घडवतात, तीही तिने पाठवलेल्या फणसाच्या पाटावरच. माती पाटाला धरून सुकते, म्हणून ती नंतर पाटावरून उचलता येत नाही. बाबांनी आदेश वाचून माप बरोबर घेतलं होतं, दोन फूट. पाटाच्या वरून. पाट मोजायचा असतो हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. पाटाचे पाय चार इंचांचे.

"मुकुट कमी करा, नाहीतर मूर्ती इथेच राहील," साहेब म्हणाले.

माझं डोकं सणकलं. मी काहीतरी वेडंवाकडं बोलणार, तेवढ्यात बाबा शांतपणे उठले आणि करवतीचं पातं घेऊन आले. "डोळे नाय आखलेत अजून. माती हाय ती," ते म्हणाले, आणि त्यांनी मुकुट उतरवला. मग ओल्या मातीचा छोटा बसका फेटा बांधला. साहेबांनी फीत लावली, मान हलवली आणि चहा घेऊन गेले.

आमच्याकडे हे सरळ आहे. डोळे आखेपर्यंत माती, आखल्यावर देव. मातीचा कान तुटला तर आम्ही नवा लावतो आणि पुढच्या कामाला लागतो.

पण समोरच्या एकाने खिडकीतून व्हिडिओ काढला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो टीव्हीवर आला, खाली लाल पट्टी: बाप्पावर करवत! चौकटीत सहा माणसं किंचाळत होती. एकाला भावना दुखावल्या म्हणून मूर्तिकारावर कारवाई हवी होती, दुसऱ्याला नियम मोडला म्हणून मूर्तिकारावर कारवाई हवी होती. भांडण कडाक्याचं, पण दोघांनाही हवे होते माझेच बाबा! त्या सहा जणांतल्या एकानेही ओली माती हातात धरली नसणार, हे मी छातीठोकपणे सांगते.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मूर्तीचे डोळे आखायचे होते. आत्याच्या गणपतीचे डोळे बाबांनी कधी कुणाला आखू दिले नव्हते. त्या दिवशी त्यांनी कुंचला रंगात बुडवला, वर नेला आणि परत खाली आणला. शिमग्यापासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. करवत चालते, पण बुबुळाची रेघ ओढता येत नाही. "तू आख," त्यांनी कुंचला माझ्याकडे दिला. "आणि तिला सांगू नको."

मी श्वास रोखून डोळे आखले. रंग वाळतोय तोच चॅनेलवाला दारात हजर. कॅमेरा लावून तो गोड आवाजात म्हणाला, "काका, ती करवत जरा पुन्हा धरा ना, डोक्याजवळ. फक्त धरा."

"आता नाय," बाबा म्हणाले. "त्याला डोळे आलेत."

"काका, दोन सेकंद..."

तेव्हा बाबांनी त्याला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. चॅनेलची गाडी बघता बघता गेली.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. ती रडत होती. "दादा, माझा गणपती कापला म्हणतात. खंडित मूर्ती मी कशी बसवू रे? यंदा मी सुपारी मांडीन, तो आणू नको." बाबांनी दोनदा समजावलं, तिने दोनदा नाही म्हटलं. तिला डोळ्यांचा हिशेब माहीत होता, आमच्याच घरात वाढली होती ती. पण टीव्हीवरची ती पट्टी दिवसभर फिरत होती. फोन ठेवून बाबांनी मूर्तीच्या तोंडावर फडकं टाकलं. मला त्यांच्याकडे बघवेना. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिने त्यांच्या हातच्या मूर्तीला नको म्हटलं होतं.

"तरी न्यायचा," मी म्हटलं.

चतुर्थीच्या आदल्या सकाळी आम्ही टेंपो काढला. नाक्यावर पोलिसाने आत डोकावून हात जोडले आणि सोडलं. फीत कुणाकडेच नव्हती. नागोठणं, निडी, वरसे. आत्या दारात उभी, पदर नाकावर घट्ट धरलेला, बाजूला सरकायचं नाव नाही. मी मूर्तीच्या तोंडावरचं फडकं काढून ती तिच्यासमोर धरली. मुकुट नाही, फेटा आहे, हे तिने पाहिलं. मग ती वाकली आणि चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. माझे हात भरून आले.

"दादा, डोळे तुझे नायत," ती म्हणाली.

बाबांनी मान खाली घातली. "नाय."

"हात दाखव."

त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती. तिने पदर सोडला आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. कित्येक महिन्यांत आम्ही कुणी कुणाला हात लावला नव्हता.

"कधीपासून?"

"शिमग्यापासून."

"आणि मेले टीव्हीवाले मला दिवसभर मुकुट दाखवत होते," आत्या म्हणाली. हात न सोडताच ती दारातून बाजूला झाली. "आण गो आत. हळू, उंबरा हाय."