पोळा झाल्यावर

पांढरी जीप रस्त्याकडेला हळू झाली की आधी काय उचलून पळायचं, ते मी आजही बघते. अमरावतीतल्या स्वतःच्या घराच्या गॅलरीत उभी असले तरी बघते. ज्या फाट्यावर मी वाढले, तिथल्या सगळ्यांचंच असं आहे.

अमरावतीहून अकोल्याकडे जाताना मूर्तिजापूरच्या अलीकडे आमचा फाटा. आधी तिथं फक्त एक कडुनिंब होता आणि त्याखाली चाचांचं पंक्चरचं दुकान. ट्रकचं टायर खोलायला वेळ लागायचा, तोवर ड्रायव्हरला चहा हवा असायचा, म्हणून माझ्या वडिलांनी शेजारी हॉटेल टाकलं. हॉटेल म्हणजे चार लाकडी बल्ल्या आणि वर टीनाचा पत्रा. आमच्याकडे त्यालाही ऐटीत हॉटेलच म्हणतात. चहाला गाड्या थांबू लागल्या, तेव्हा जवळच्या गावातली एक माळीण मावशी वांगी आणि संत्री घेऊन बसू लागली. मग पानठेला आला. मोठा इतिहास नाही हा. एका फुटलेल्या टायरपासून सुरू होतो.

जागा मात्र सरकारची. त्यामुळे आमच्याकडे सगळं उचलून पळता येईल असंच होतं. आईनं चूल कधी पक्की बांधली नाही. तुळस लावली तीही तेलाच्या डब्यात. एकदा अतिक्रमण हटवायला आलेल्या पांढऱ्या जीपवाल्यांनी मावशीची टोपली ओढून नेली, तेव्हा संत्री रस्ताभर घरंगळली आणि ती उचलायची कुणाची छाती झाली नाही. मी आईच्या पदरामागून ट्रकखाली चिरडली जाणारी संत्री बघत होते.

जीपमधले साहेब दर वेळी एकच विचारायचे, "कधीपासून बसता इथं?" आणि अख्ख्या फाट्याचं उत्तर ठरलेलं असायचं: "आत्ताच आलो जी, पोया झाल्यावर." जुना माणूस जागेवर हक्क सांगेल म्हणून त्याला आधी उठवतील, नव्याला दम देऊन सोडतील, अशी या शहाण्यांची समजूत. उन्हाळ्यात पोळ्याच्या जागी होळी यायची, बाकी वाक्य तेच. मला अक्षरओळख व्हायच्या आधी ते पाठ होतं. आपण चुकलो तर घर जाईल, हेही कळत होतं.

यंदा रस्ता रुंद व्हायला निघाला. जे जुने असतील त्यांना पलीकडे पक्के गाळे मिळणार, नवे असतील त्यांनी उठायचं, असं जाहीर झालं. साहेब स्वतः येऊन विचारणार होते आणि शेजाऱ्यानं त्याला दुजोरा द्यायचा होता. वडील गेल्यापासून आई एकटीच हॉटेल चालवते; अमरावतीला चल म्हटलं तर ऐकत नाही. ते हॉटेल गेलं तर ती जगायची नाही, ही माझी खरी भीती. मी रजा टाकून गेले आणि तिच्याकडून घोकून घेतलं. "आई, या वेळी खरं सांगायचं हं."

"हो वं, समजलं मले. मी काई लहान हाओ काय?"

जीप आली. पांढरीच. आईनं गाळणी खाली ठेवली आणि खोटं कशाला बोलू, माझाही हात तुळशीच्या डब्याकडे गेला. साहेब तरणा होता, बोलायलाही गोड. "आजी, किती वर्षं झाली इथं?"

आईनं एकदा जीपकडे पाहिलं आणि पदर सावरला.

"आत्ताच आलो जी. पोया झाल्यावर."

"आई!" मी ओरडले. तिनं मागून माझा दंड असा दाबला की नखं रुतली. साहेबानं चाचांकडे पाहिलं. चाचांना आता दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. शेजारणीवर संकट आलेलं त्यांनी ओळखलं आणि काठी टेकत उठले. "साहेब, भाभी तं नवीनच हाय. माह्या डोयासमोर आली. जाऊ द्या तिले."

"अहो, माझा जन्म इथला आहे," मी म्हणाले.

"तुमचा जन्म इथला, आणि आई पोळ्यानंतर आल्या?" साहेब हसला आणि त्यानं यादीत 'नवीन' असं लिहिलं. मी काय काय सांगत जीपपर्यंत गेले, पण त्याला पुढचा फाटा गाठायचा होता. जीप धूळ उडवत निघाली.

परत आले तर आईनं चहा ठेवला होता. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता. चाचांच्या हातात कप देत ती मला म्हणाली, "गेली ना जीप? तू उगीच भेतं. चाळीस वर्स झाले, आमी असेच तं वाचलो इथं."

मी रस्त्याकडे धावले. जीप दिसत नव्हती.