नदीकडची चौकट

दुसरी लढाई लागायच्या आधीची गोष्ट. घरासाठी आम्ही घेतलेली जागा इतकी उताराची होती, की हातातून लिंबू सुटलं तर ते शोधायला नदीवर जावं लागे. जागा यांनी पसंत केली. कारण एकच: ओसरीवर बसून नदी दिसेल. त्यासाठी काहीही सोसायची यांची तयारी होती, म्हणजे मी सोसायची.

नकाशा यांनी शाळेच्या वहीत काढला. नदीकडे लांबरुंद ओसरी, मधे माजघर आणि मागे टेकडीत खोदून स्वयंपाकघर.

"अन् खिडकी?" मी विचारलं.

"मातीत कुठून येईन खिडकी?"

माझीही यादी होती, अठरा कलमांची. पहिलं कलम: चुलीसमोर खिडकी. सासरच्या बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं धूर खाऊन माझ्या डोळ्यांना सतत पाणी असे. सुईत दोरा ओवता येईना. आता बिळात राहायला गेले, तर भाकर करपली हे वासावरून ओळखायची पाळी होती. यांनी यादी वाचून मोरीचा उतार तेवढा मान्य केला.

आमच्याकडे भिंतींच्या आधी मुख्य दाराची चौकट उभी करतात, मुहूर्तावर, हळदकुंकू लावून. पूजा झाली की ती हलवायची नसते. दार पूर्वेला, वरच्या अंगाला ठरलं होतं. पण सागवानी चौकट घेऊन गाडी आली नदीच्या रस्त्यानं, आणि चढ पाहून बैल अडले ते अडलेच. गड्यांनी चौकट उतरवली. मी त्यांना गूळपाणी दिलं. दोनदा दिलं. तहानलेल्याला पाणी देण्यात पाप नाही.

"घटका भरत आली!" पूजा सांगायला आलेले महाराज ओरडले. "जिथं असान तिथं उभी करा!"

खालच्या बाजूचं दगडी जोतं तेवढं बांधून झालं होतं. आसेगावच्या मिस्त्रीचाचांनी चौकट तिथंच उभी केली, अक्षता पडल्या, आणि मग सगळ्यांनी तिच्यातून पाहिलं. पलीकडे दोन पुरुष खोल हवा, खाली नदी.

"पाहुना निंगाला का सीधा पान्यात," चाचा म्हणाले.

"दक्षिणेले दार!" महाराजांनी कपाळ धरलं.

"मंग हलवा," हे म्हणाले.

"पूजा झाली नं, मास्तर! आता कशी हलवता?"

"मंग इतकी घाई काहून केली तुमी?"

"दार कायले म्हनता?" मी मधे पडले. "गज लावा, खिडकी होते."

चाचा हसले. "एवढी खिडकी? वैनी, बैल निंगन तिच्यातून!"

"गज जवळजवळ लावा. अन् महाराज, हा कोपरा आग्नेय आहे नं? चूल इथंच पाहिजे."

"शास्त्रानं इथंच पाहिजे," महाराज लगेच म्हणाले. त्यांची अब्रू वाचली, शिवाय पूर्वेच्या दारासाठी दुसरा मुहूर्त काढायचं कामही त्यांनाच मिळालं.

यांची ओसरी टेकडीकडे गेली. तिथून मातीची दरड आणि शेजाऱ्यांची बकरी दिसे. माझा धूर मात्र थेट नदीवर जाऊ लागला आणि सहा महिन्यांत डोळ्यांचं पाणी थांबलं.

राहायला गेल्यावर हे आठ दिवस रुसले. नवव्या दिवशी स्वयंपाकघरात पाट टाकून नदीकडे तोंड करून बसले. मी पुढ्यात मेथीची जुडी ठेवली. "बसाचं असन तर निवडा."

पुढं रोज निवडत. नजर पाण्यावर, त्यामुळे भाजीत काड्या फार राहत. त्या मी पुन्हा वेचून काढी; मला आता दिसत होत्या.