भैरवीसाठी जादा गाडी

आमच्या जलंबकडच्या भागात मैफल शेवटपर्यंत ऐकलेला माणूस सापडत नसे. खामगावात गाणं दुपारी बसायचं आणि ऐन रंगात आलं की जलंबकडची शेवटची गाडी शिट्टी द्यायची. अर्धा मांडव उठायचा. त्यात माझे बाबाही असायचे. शेतकरी माणूस, गाण्याचं भारी वेड; पण साठी उलटली तरी भैरवी कानावर पडली नव्हती. "गाणं संपते कसं, एवढं तरी समजू दे मले," म्हणायचे.

मी खामगाव स्टेशनात कारकून होतो. त्या साली मोठे गवई येणार म्हटल्यावर साहेबांच्या मागे हात धुऊन लागलो, आणि मैफलीनंतर सुटणारी जादा गाडी मंजूर करून घेतली. आठवडाभर नवरदेवासारखा मिरवलो.

मांडव स्टेशनाला लागूनच होता. मी दोनदा ओरडून सांगितलं, "जादा गाडी हाय, कोणी उठू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबा पुढे बसले, मी मागे बांबूला टेकलो. ऊन उतरलं, कापसाच्या जिनांकडून सरकीचा वास येऊ लागला. गवयांच्या आवाजात आपण बसल्या जागी कुठंतरी लांब निघालोय, असं वाटत होतं. माझे डोळे मिटले.

नेहमीच्या गाडीची दुसरी, सुटायची शिट्टी झाली तेव्हा उघडले. पाहतो तर मांडवात बहुतेक नुसत्या सतरंज्या. जन्माची सवय ती, माझ्या ओरडण्यानं थोडीच जाणार? बाबांची जागाही रिकामी. फलाटावर पळालो, तर गाडी सिग्नलपार. असा संताप आला, की काढावा कोणावर तेच कळेना.

परत आलो. गवयांनी उरलेल्या दहाबारा जणांकडे पाहिलं आणि भैरवी धरली. फार गोड होती. बाबांच्या ताटातलं मी जेवतोय, असं वाटत राहिलं.

जादा गाडी मला आणि रिकामे डबे घेऊन कपाशीच्या रानातून संथ चालली. जलंबला फलाटाच्या बाकावर बाबा बसलेले. पायात एकच चप्पल.

"उठले काऊन तुमी?" मी म्हणालो.

"मी कुठं उठलो? पाय उठले."

मग उघडा पाय बाकाखाली घेत, "संपलं?"

"हाव."

"कसं संपलं?"

मला सुराचं काही अंग नाही. तरी शेजारी बसून आठवेल तसं गुणगुणू लागलो. मध्येच इंजिनानं परतीची शिट्टी दिली. बाबा मान खाली घालून ऐकत होते. या खेपेला उठले नाहीत.