कमरेला पंप, गोडादऱ्याला मुक्काम

अमळनेर स्टेशनवर आईने भाकरीसोबत अटही बांधून दिली. सुरतेत साड्यांची डिझाइनं काढायची नोकरी मला मिळाली होती. पण अकराव्या वर्षापासून टाइप वन डायबेटिस असलेली पोरगी एकटी राहणार कशी? घरात आम्ही दोघीच, त्यामुळे न्यायनिवाडाही तिचाच. दोन दिवस सुरतेतच गोडादऱ्याला मावशीकडे राहून दाखव, मग बघू.

माझ्या दंडावर सेन्सर असतो, कमरेला इन्सुलिनचा पंप. सेन्सर रक्तातली साखर बघतो, पंप त्याप्रमाणे इन्सुलिन कमी-जास्त करतो. जेवणाआधी मात्र त्याला सांगावं लागतं, बाबा रे, आता एवढं खाणार आहे. हे सगळे आकडे आईला घरबसल्या मोबाईलवर दिसतात. मी कुठेही भजं खाल्लं की अमळनेरात बोंब!

पहाटे सुरतेजवळच्या उधना स्टेशनवर उतरले. रिक्षा गोडादऱ्याच्या गल्लीत शिरली तसा यंत्रमागांचा खडखडाट कानात शिरला. साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेला टेम्पो वाट अडवून उभा होता. मावशीने दारातच माझी पिशवी काढून घेतली आणि बिनसाखरेचा चहा हातात दिला. काका रात्रपाळी संपवून खात्यावरून (यंत्रमागाच्या कारखान्यातून) येताना लोचो (चणाडाळीचा वाफवलेला, तेल-शेव घातलेला मऊ नाश्ता) आणणार होते. सातला त्यांचा फोन आला, निघतोच. मी शहाणीने लगेच पंपाला सांगून टाकलं. लोचो गरमागरम खायचा होता ना!

काका काही येईनात. त्यांच्या जागी येणारा दिवसपाळीचा कारागीर उगवलाच नव्हता, माग सोडता येत नव्हते. इकडे पंपाने इन्सुलिन देऊन टाकलेलं. आकडा घसरताना बघून त्याने पुढचं बंद केलं, पण दिलेलं परत कसं घेणार? आता लगेच साखर पोटात जायला हवी होती. पिशवीत हात घातला तर ग्लुकोजची पुडी गायब. साखर मागितली तशी मावशी पांढरीफटक पडली.

“तुले साखर चालस नही, म्हनीसन समदं शेजारीनले दि दिन्हं,” ती म्हणाली (तुला साखर चालत नाही, म्हणून सगळं शेजारणीला दिलं).

साखर, गूळ, माझी पुडी, सगळं! एवढी माया जिवावर बेतते हो. राग आला, आणि खरं सांगते, भीतीही वाटली. मावशी रडकुंडीला आलेली. तिला म्हटलं, तू बस, आणि भिंत धरत जाऊन शेजारचं दार वाजवलं.

“शुं थयुं, बेन?” (काय झालं, ताई?) म्हणत शेजारीण बाहेर आली. मी हिंदीत साखर मागितली आणि तिच्याच उंबऱ्यावर बसून बकाणे भरले. तेवढ्यात आईचा फोन. खाल्लीय साखर, एवढंच सांगितलं.

लोचो आला साडेआठला, थंडगार. या खेपेला बशी पुढ्यात आल्यावर पंपाला सांगितलं आणि दोनदा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी ऑफिसही बघून आले. काचेच्या केबिनी, भिंतीभर साड्यांचे नमुने. सगळं फार आवडलं आणि त्यामुळेच जास्त वाईट वाटलं. नोकरी हातची गेली, हे मी धरूनच चालले होते.

घरी पोचले तर आईने ताट वाढलं. मी भांडायच्या तयारीत.

“माझा फोन लागला तोवर तू खाऊनही बसली होतीस,” ती म्हणाली. “मग मी तिथं असते तरी काय केलं असतं? जा तू.”

हे ऐकायलाच तर सुरत गाठली होती. पण ऐकलं आणि हातातला घास परत ताटात ठेवला. म्हटलं, “आणि तू गं? तू राहशील एकटी?”

“दोन दिवस राहून बघितलं ना,” आई म्हणाली. “नाही जमलं. पण जमेल.”