अंग भरण्याची गोळी

कापसाच्या काट्यापाशी गोष्टी फार साठतात. गाड्यांची रांग लागलेली असते, बैल सोडलेले असतात, आपला नंबर कधी येईल याचा पत्ता नसतो. मग माणूस बोलणार नाही तर काय करणार? मी शहाद्याकडच्या एका जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, काट्यावरचा कारकून. शाळा चौथीत सुटली, लिहिणं मी काट्यावर बसूनच शिकलो, आणि एकदा शिकल्यावर हात थांबेना. दिवसभरात कानावर पडलेलं संध्याकाळी वहीत उतरवायचं, हा नेम. अशा सव्वीस वह्या झाल्या. त्यातल्या एका वहीला मी दोरा बांधून ठेवला होता, कोणी उघडू नये म्हणून. आज दोरा सोडतो.

त्या वर्षी मला एक्कावन्न लागलं होतं. लघवीला त्रास होऊ लागला म्हणून नंदुरबारहून रेल्वेने नवापूरच्या बाजूला मिशनच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासलं आणि सरळ सांगितलं, "गाठ आहे, आणि वाईट आहे. पुरुषाच्या अंगात जो रस असतो, त्यावर ती पोसते. तो रस बंद करावा लागेल."

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं; तो रस जिथे तयार होतो, तेच काढून टाकलं. वर रोज एक गोळी. बायकांच्या अंगात जो रस असतो, तसा कारखान्यात तयार करून त्या गोळीत घातलेला.

डॉक्टर म्हणाले, "वजन वाढेल. दंड बारीक होतील. कंबर, मांड्या आणि छाती भरेल. घाबरू नका."

"आणि गोळी सोडली तर?"

"गाठ हाडांत उतरेल."

म्हणजे गोळी घेतली तर जगायचं आणि रोज थोडं थोडं बाईसारखं दिसायचं. सोडली तर पुरुषासारखं दिसत मरायचं. पुढचं सगळं वर्ष माझ्या डोक्यात हे एकच. घ्यायची की सोडायची? शिशी खिशात, हात शिशीवर, आणि मी जिनच्या आवारात या टोकापासून त्या टोकापर्यंत.

•

खरी गोष्ट तिघांनाच माहीत होती. मला, माझ्या बायकोला आणि आमच्या काटेवाल्या जिभाऊला. बाकीच्यांना दिसत होतं ते एवढंच, की नानाची तब्येत सुधारली.

तापीकाठचा छगन पाटील, मोठा गुजर बागाईतदार, केळी आणि कापूस दोन्ही करणारा. तो गाडीवरून उतरला तोच माझ्याकडे टक लावून बघत.

"नाना, मागला वरीसले तू काडीसारखा व्हता. आते दख, कसा भरी गया. कोनतं तूप खास तू?"

मी म्हणालो, "तूप नाही, पाटील. दवाखान्याची गोळी."

पाटील जवळ सरकला, आवाज उतरवला. "तो दवाखाना माले बी सांग. मन्हा पोऱ्यानं लगीन ठरी ऱ्हायनं, पन तो नुसता हाडंसना. त्याले बी महिनाभरनी गोयी देतीन का त्या?"

मी खिशातली शिशी आणखी खाली सारली.

"पाटील," मी म्हणालो, "पोरगा शे तसाच ऱ्हाऊ द्या. लगीन व्हऊ द्या पह्यले."

•

आमचा शिंपी शिवराम. माझ्या लग्नातला कोट त्याच्याच हातचा. प्रत्येक गिऱ्हाइकाची मापं एका लांबट वहीत लिहून ठेवतो, आणि माझी मापं वीस वर्षांत त्याला बदलावी लागली नव्हती. मी गेलो की तो टेप खांद्यावरून काढतसुद्धा नसे.

त्या उन्हाळ्यात मीच म्हणालो, "शिवरामभाऊ, नव्याने माप घे."

त्याने दंड मोजला, वही पाहिली. कमी. कंबरेखाली मोजलं, वही पाहिली. जास्त, आणि बरंच जास्त. छाती मोजली. मग त्याने टेप उलटी करून पाहिली, गुंडाळून ठेवली, गल्ल्याखालून दुसरी टेप काढली आणि सगळं पहिल्यापासून मोजलं. मी भिंतीकडे बघत उभा. मला वाटलं, आता हा विचारणार, आणि दुकानात आणखी दोन माणसं बसलेली.

शिवरामने कानामागची पेन्सिल काढली. जुनी मापं खोडली नाहीत, नवं पान घेतलं. वर माझं नाव लिहिलं.

आठवड्याने सदरा आणला. घरी आतून उलटून बघतो तर छातीखाली, बायकांच्या पोलक्याला घालतात तसे, दोन बारीक टक्स. बाहेरून शिवण दिसत नव्हती. राग आला, सदरा खाटेवर फेकला. मग उचलून घातला.

सहा महिन्यांत पहिल्यांदा सदरा अंगावर नीट बसला होता.

•

छाती नुसती भरली नाही, ती दुखायलाही लागली. मांजरपाटाचं कापड घासलं तरी कळ यायची. डॉक्टरांना लिहावं का, या विचारात मी दुपारी ओसरीवर येरझाऱ्या घालत होतो. बायको तांदूळ निवडत बसलेली.

तिने मान वर न करता सांगितलं, "पालथं झोपू नका. आनि तो मांजरपाट काढा. मन्हा जुना लुगडानं मऊ अस्तर लाई देस मी."

"तुला काय माहीत?"

"तीन बायतपनं व्हई गयात मन्हा. माले ठाऊक नही व्हई?"

तिने सुपातला खडा काढून अंगणात टाकला. तिचं मासिक बंद होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

"मन्हं सरनं," ती म्हणाली, "आनि तुमनं सुरू व्हयनं."

ती हसली. मीही हसलो असतो, पण पाय थांबेनात. त्या दुपारी मी ओसरीवर किती फेऱ्या मारल्या, ते वहीत आहे. इथे सांगत नाही.

•

मार्गशीर्षात सारंगखेड्याची यात्रा भरते. घोड्यांचा बाजार. मी जाणार नव्हतो, पण जिभाऊने ओढून नेलं. "घरमा बठीसन काय करशी? चाल."

गर्दीत जिभाऊ पुढे निघून गेला. मी एका पांढऱ्या घोड्याजवळ सावलीला थांबलो. घोडा खुंट्याला बांधलेला, मालक कुठे चहाला गेलेला. माझ्या अंगावर जाड कोट होता. थंडीसाठी नव्हे, अंग झाकायला.

तेवढ्यात परमुलखातला एक व्यापारी आला. पागोटं, हातात बारीक छडी. आमच्या मागून एक चक्कर मारली, डोळे बारीक केले आणि बोलू लागला.

"गर्दन उतर गयी है. पुट्ठे भर गये हैं. चाल भी ढीली होगी."

माझ्या कानशिलातून वाफा निघाल्या. वाटलं, कोटाच्या आतूनही दिसतंय लोकांना.

"कब खस्सी किया?" त्याने विचारलं. खच्ची कधी केलं, असं.

खोटं बोलण्याचं बळ उरलं नव्हतं. मी म्हणालो, "पिछले साल, दिवाली के बाद."

त्याने छडीने घोड्याच्या मागच्या अंगाला हलकेच टोचलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो मला घोड्याचा मालक समजला होता.

"बराबर," व्यापारी म्हणाला. "साल भर में इतना ही भरता है."

•

आता जिभाऊचा किस्सा. हा ऐकून डॉक्टरसुद्धा खुर्चीतून उठले होते.

डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "दर सोमवारी वजन करा आणि लिहून ठेवा. चरबी हळूहळू चढते. पण या गोळीने कधी कधी अंगात पाणी धरतं, ते झपाट्याने चढतं आणि हृदयावर येतं. आठवड्यात किलोभर वाढलं तरी निरोप पाठवत बसू नका, गाडी पकडा." किलो तेव्हा नुकतेच आले होते. शेतकरी मणात बोलायचे, काटा किलोत.

वजन करायला आमच्याकडे एकच जागा, पोत्यांचा छोटा काटा. दर सोमवारी गाड्या लागण्याआधी मी त्यावर उभा राहायचो. जिभाऊ वजनं लावायचा, आकडा पुकारायचा, मी उतरून वहीत लिहायचो. काट्यावरची रीतच अशी, की कारकुनाने काट्याच्या दांडीकडे बघायचं नाही. काटेवाला पुकारेल तोच आकडा. तीस वर्षं मी तसंच केलं होतं.

आणि जिभाऊची रीत काय? ओला कापूस आला, कोणी वर पाणी शिंपडून आणला, की तो मुठीत दाबून बघायचा आणि पाण्याचं वजन मनातल्या मनात कापून उरलेला आकडा पुकारायचा. त्यावर शेतकरीही भांडत नसत, कारण त्याचा अंदाज चुकत नसे.

यात्रेनंतर माझे पाय जड झाले. वहाणांचे पट्टे रुतू लागले, जिना चढताना धाप लागू लागली. पण वहीत दर सोमवारी तोच आकडा. मी मनाला समजावत होतो: आकडा स्थिर आहे, म्हणजे काही नाही. पाचव्या आठवड्यात बायकोने जबरदस्तीने गाडीत बसवलं.

डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेना. त्यांनी माझी वही पाहिली, परत पाय पाहिले, मग मला आपल्या काट्यावर उभं केलं. वहीपेक्षा पाच किलो जास्त.

"तुमचं वजन कोण करतं?"

त्यांनी लघवी सुटण्याचं औषध दिलं, मीठ तोडलं, गोळी अर्धी केली. मी परत आलो तो थेट काट्यावर.

"जिभाऊ, खरं सांग. माझ्या वजनातून तू काही कापत होतास का?"

जिभाऊला प्रश्नच कळला नाही. तो माझ्या सुजलेल्या हातांकडे बघून म्हणाला, "मंग? पानीनं वजन कोनी धरस का? वल्ला माल व्हता तू, नाना. जितलं पानी दिसनं, तितलं कापं."

"किती?"

"आठवडाले किलोभर. पाच आठवडासनं पाच."

पुढच्या खेपेला हे मी डॉक्टरांना सांगितलं. तेव्हाच ते खुर्चीतून उठले. रागावतील असं वाटलं. पण म्हणाले, "त्या माणसाला एकदा माझ्याकडे घेऊन या. अंगात पाणी किती, चरबी किती, हे वेगळं काढणारं यंत्र माझ्याकडे नाही."

•

पाणी उतरलं. अंग मात्र भरलेलं होतं तसंच राहिलं, कारण ती चरबी होती. वजन जवळजवळ पहिल्याइतकंच, पण जागा सगळ्या बदललेल्या. मी आरशात पाहिलं आणि त्याच दिवशी गोळी बंद केली. कोणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी पाठीच्या मणक्यात ठणका सुरू झाला. तो गाठीचा होता की मनाचा, मला सांगता येत नव्हतं. शिशी खिशातच होती. टाकायलाही हात होईना.

हंगामातल्या कापसाची शेवटची गाठ बांधली गेली, की आमच्या जिनमध्ये गुलाब मावशी आपल्या सोबतिणींना घेऊन यायची. जन्माने मुलगा, पण विशीतच लुगडं नेसून देवीची झालेली. गाठीपुढे नाचायचं, साडी-नारळ घ्यायचा, जिनला आशीर्वाद द्यायचा, ही जुनी चाल. त्या वर्षी नाच झाल्यावर ती घाम पुसत माझ्याजवळ सरकीच्या ढिगाला टेकून बसली. कोटाच्या आत काय आहे ते तिने एका नजरेत ओळखलं.

"नाना, हाई कशानं व्हयनं?"

वर्षभर मी सगळ्यांना टाळलं होतं. तिला का सांगितलं, ते आजही उमगत नाही. गाठ, ऑपरेशन, गोळी, सगळं सांगितलं. शिशी काढून दाखवली. म्हणालो, "आता घेत नाही. फेकून देणार आहे."

मावशी शिशीकडे बघत राहिली. "वीस वरीस देवीले मांगं. तिनी दिधं नही. तुले डाक्टरनी शिशीम्हा भरी दिधं, आनि तू तोंड पाडीसन बठेल शेस." मग तिने हात पुढे केला. "फेकाले नको. माले दे."

माझी मूठ शिशीवर आपोआप मिटली.

ती मुठीकडे बघून मोठ्याने हसली. "दख, हात सोडी नही ऱ्हायना."

मी तिला सांगू लागलो, की गोळीने पाय सुजतात, पाणी हृदयावर येतं, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायची नसते. तिने सगळं ऐकून घेतलं. माझी बोटं एकेक करून उघडली, बूच काढलं, दोन गोळ्या तळहातावर घेतल्या. एक आपल्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. दुसरी माझ्या हातावर ठेवली.

"खाय," ती म्हणाली. "पुढला साले मी देखाले येसू."

पाणी नव्हतं. तशीच गिळली.

पुढल्या हंगामात गुलाब मावशी आली. आवारात सगळे जमलेले. छगन पाटील, शिवराम, जिभाऊ, बाहेरगावचे गाडीवान. मी काट्याजवळ नुसत्या सदऱ्यावर उभा, कोट घरी ठेवून. नाच सुरू करण्याआधी ती सरळ माझ्याकडे आली, माझ्याभोवती सावकाश एक फेरी मारली, वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि सोबतिणींकडे वळून म्हणाली,

"दखा व बायासहोन. आंग आसं पाहिजे."