लेटरहेडवरची एक ओळ

शफी गेल्याच्या चौथ्या दिवशी मला फोन आला. वाटलं, त्याच्या घरून असेल. बघतो तर शोरूमचा मॅनेजर. "साहेब, शफीभाईंचं कळलं. फार वाईट झालं हो…" एवढं बोलून लगेच म्हणाला, "ती लाल गाडी अजून आहे बरं का. त्या दिवशीचा रेट तुमच्यासाठी कायम ठेवलाय. अजून थोडं बघू." मी भिंतीला टेकून उभा होतो. शफीला माती देऊन आलो त्याला चार दिवस झाले होते, आणि हा माणूस मला रेट सांगत होता. तोंडावर आलेली शिवी मी गिळली, ती इथं छापणारही नाहीत. म्हटलं, येतो एका रविवारी, कधी ते कळवतो. तो खूश झाला.

शफी माझा आयटीआयपासूनचा दोस्त. तो रायगडच्या किनाऱ्यावरचा कोकणी मुसलमान, मी करावे गावचा आगरी. डबे एकमेकांचे खाल्ले, मारही एकत्र खाल्ला. पुढे सरकारने घेतलेल्या आमच्या जमिनीच्या बदल्यात प्लॉट मिळाला, त्यावर बिल्डिंग झाली आणि माझं वेल्डिंग सुटलं. शफीच्या हातातलं काम मात्र कधी सुटलं नाही. तो याच शोरूमच्या तळोज्याच्या यार्डात होता. ट्रेलरवरून नवीन गाड्या उतरल्या की त्या तपासून घ्यायचं काम त्याचं. गाडीला हात लावण्याआधी बोटातली चांदीची अंगठी काढून खिशात टाकायची, हा त्याचा नेम. मग छोटी टॉर्च तिरपी धरून पत्रा न् पत्रा बघायचा. आपण शंभरदा बघितलं तरी दिसणार नाही, ते त्याला एका फेरीत दिसायचं.

बारा वर्षांपूर्वी त्या यार्डात दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार उतरली. शोरूमला आलेली तसली पहिलीच. डाव्या दारावर, हँडलच्या खाली, वीतभर ओरखडा होता. शफीने तसं चिठ्ठीवर लिहिलं, ट्रेलरच्या ड्रायव्हरची सही घेतली आणि चिठ्ठी मॅनेजरच्या हातात दिली. चुकला तो इथंच… झेरॉक्स काढली नाही. ट्रेलर मॅनेजरच्या मेहुण्याचा, हे सगळ्या यार्डाला माहीत होतं. पण शफीला वाटलं, लिहून दिलंय ना, मग कशाला टेन्शन! दुसऱ्या दिवशी चिठ्ठी गायब. ओरखडा शफीच्या अंगठीने पडला, असं ठरवून टाकलं. ज्या अंगठीने आयुष्यात कधी गाडीला स्पर्श केला नाही, त्या अंगठीने! शफीची नोकरी गेली, आणि वाशीपासून पनवेलपर्यंतच्या शोरूममध्ये फोन गेले की याच्या हाती नवी गाडी देऊ नका. एका लग्नात कुणीतरी त्याला म्हणालं, "शफीभाई, माझ्या गाडीपासून जरा लांब उभे राहा हां." सगळे हसले. शफीही हसला. जेवला मात्र नाही, ते मी बघितलं.

माफ करावं, असं लोक म्हणतात. म्हणोत. शफीने माफ केलं नाही, आणि मी तर नाहीच नाही. त्याने महाप्याला गाड्या रंगवायचं गॅरेज टाकलं आणि दर रविवारी एक उद्योग सुरू केला. सोसायटीतला, गावातला, मशिदीतला, कुणीही नवीन गाडी घ्यायला निघाला की शफी त्याच्यासोबत फुकट जायचा, आणि न्यायचा त्याच शोरूममध्ये. मॅनेजर त्याला हाकलू शकायचा नाही, कारण सोबत गिऱ्हाईक असायचं. शफी सोफ्याच्या खिडकीकडच्या टोकाला बसायचा. समोरच्या टीपॉयवर रविवारचा पेपर ठेवलेला असायचा, तुमच्या हातात आहे तो हाच पेपर, ही पुरवणी आत घातलेली. सेल्सवाल्याने आकडा सांगितला की शफी काही न बोलता पेपर उघडायचा. अग्रलेख, राशिभविष्य, पाककृती, सगळं वाचायचा. तो वाचत बसला की समोरच्याला घाम फुटायचा आणि आकडा आपोआप उतरायचा. एकदा असाच एक स्मृतिलेख वाचून म्हणाला, "हरी, पेपरात मेलेली सगळी माणसं चांगलीच कशी असतात रे?" मी म्हटलं, तू मर, तुझ्यावर खरं लिहितो. किती हसलो होतो त्या दिवशी…

यंदा मी ठरवलं, गाडी घ्यायची. तसलीच, दोन दारांची, लाल. आमच्या गावातल्या गल्लीत ती वळणारसुद्धा नाही, हे मला ठाऊक होतं. बायको म्हणाली, "ह्या वयात? आणि मी बसू कुठं, टपावर?" तिला काय सांगणार! मला गाडी नको होती, मला त्या मॅनेजरची उतरलेली मान बघायची होती. शफीने महिन्याचा शेवटचा दिवस निवडला, तोही रविवारच होता. टार्गेटला नेमकी एक गाडी कमी पडत होती, ही खबर त्याने यार्डातल्या जुन्या पोरांकडून काढली होती. अंगठी खिशात गेली, टॉर्च बाहेर आली. गाडी गेल्या वर्षी बनलेली निघाली. एक लाख उतरले. शफी अग्रलेखावर. हँडलिंग चार्जेस गेले. शफी राशिभविष्यावर. पाककृतीपर्यंत येईतो आम्ही मॅनेजरच्या केबिनमध्ये होतो आणि चार लाख सुटले होते.

"शफीभाई, अजून किती सोलणार?" मॅनेजर म्हणाला.

शफीने पुरवणीची घडी घातली. "सगळा डिस्काउंट परत घे. हरी पूर्ण किंमत देईल." मला विचारलंही नव्हतं लेकाने! मी मान हलवली. "फक्त लेटरहेडवर एक ओळ लिहून दे. ओरखडा ट्रेलरवरूनच आला होता, शफीने पाडला नाही. खाली सही, आणि तुझ्या ड्रॉवरमधला शिक्का."

"काय यार तू पण… बारा वर्षं झाली. ट्रेलरवरूनच आला होता, मला काय माहीत नाही? मेहुण्याचं नुकसान झालं असतं. सॉरी, बस?"

"लिहून दे."

"ते नाही जमणार. अजून पन्नास हजार सोडतो."

साडेचार लाख सोडायला तयार, पण एक ओळ लिहायला हात उचलेना. माझं डोकं फिरलं. राग आला की माझ्या तोंडात गावची बोली येते. "तुजा डिस्काउंट घाल चुलीत! मना नको तुजी गारी!" शफीने शांतपणे खिशातून अंगठी काढली, बोटात घातली आणि म्हणाला, "चल हरी." टार्गेट हुकलं त्याचं. खाली पार्किंगमध्ये शफीने मला एवढंच विचारलं, "ऐकलंस ना तू?" म्हटलं, ऐकलं. "दोन्ही कानांनी?" दोन्ही. "मग झालं."

बारा दिवसांनी भर दुपारी गॅरेजमध्ये त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. भाभी मला म्हणाल्या, "हरीभाऊ, त्या दिवशी घरी आले ते हसतच. म्हणत होते, हरीने ऐकलंय, आता फिकीर नाही." मी त्यांच्यासमोर रडलो नाही. माझ्या जुन्या गाडीत बसून रडलो, आणि रडता रडता माझे दात आवळलेले होते.

संपादकांनी बजावलंय, मॅनेजरचं नाव लिहायचं नाही. नाही लिहीत. ज्याचं आहे त्याला कळेल. आज रविवार. अकरा वाजता येतो, असं मी मॅनेजरला कळवलंय. टीपॉयवर पेपर असेलच. मी खिडकीकडच्या टोकाला बसेन, शफीसारखी पुरवणी उघडेन आणि एक शब्द बोलणार नाही. मॅनेजर, तू वाच सावकाश. ती ओळ मी लिहिली आहे:

तळोज्याच्या यार्डात आलेल्या लाल गाडीच्या डाव्या दारावरचा ओरखडा ट्रेलरवरूनच आला होता, शफीने पाडला नव्हता.

खाली सही माझी. शिक्का तेवढा राहिलाय. ड्रॉवरमधून काढून ठेव.