घंगाळातला समुद्र

नगरला समुद्र आला तो एका टेम्पोतून. जानेवारीचा दुसरा आठवडा होता, आणि सावेडीतल्या एका शाळेच्या फाटकातून तो टेम्पो उलटा आत शिरला. चार फुटांची काचेची टाकी, समुद्री मिठाची भलीमोठी बादली, खडक, वाळू, दिवे आणि फुगवलेल्या पिशव्यांमध्ये सात मासे. याच शाळेत शिकून पुण्याला स्थिरावलेल्या एका गृहस्थांनी दिलेली ही भेट. आपल्याकडच्या पोरांनी समुद्र पाहिलेला नसतो, असं ते म्हणाले होते. खरंच होतं ते. पोरांचं सोडा, निम्म्या शिक्षकांनी तो एकदाच पाहिला होता, तोही सहलीत, दुसऱ्यांच्या उलट्या आवरता आवरता.

प्रयोगशाळेत टाकी जोडून झाली, मासे सोडून झाले, टाळ्या वाजवून झाल्या. मग मुख्याध्यापिका लीना मॅडमनी मागे उभ्या असलेल्या वृषालीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वृषालीताई, ही आता तुमची."

वृषाली प्रयोगशाळेत मदतनीस. परीक्षानळ्या धुवायच्या, काचपट्ट्या पुसायच्या, तास संपला की कोणी काय सांडलं ते निपटायचं. चौदा वर्षं हेच. बारावी सायन्सला चांगले गुण असून पुढचं शिक्षण राहून गेलं होतं, त्याचं दुःख तिनं कधी कुणाला सांगितलं नाही, पण ते होतं. या चौदा वर्षांत प्रयोगशाळेत फुटलेली प्रत्येक वस्तू तिची असायची आणि न फुटलेली सरांची. त्यामुळे 'ही तुमची' हे शब्द तिनं घरी जाऊन दोनदा सांगितले, एकदा नवऱ्याला आणि एकदा सासूला.

तिसऱ्या दिवशी पहिला मासा मेला.

तीन आठवड्यांत पाच गेले. उरली ती नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी. टाकी बसवून देणारा पुण्याचा करण फोनवर म्हणाला, "ताई, नव्या टाकीत सात मासे एकदम सोडायला नकोच होते. घाण पचवणारे जीवाणू तयार व्हायला महिना लागतो. पण तुमच्या कार्यक्रमाला सगळे मासे हवे होते." उद्घाटनाला पाहुणे आले की रिकामं ताट दाखवायचं नसतं, ही आपली रीत. ती माशांच्या जिवावर बेतली.

मग शेवाळ आलं. आधी वाळूवर तपकिरी साय धरली. करण म्हणाला, नवीन टाकीत हे होतंच, जाईल. ती गेलीही, पण तिच्या जागी हिरवं आलं, केसांसारखं लांब, खडकावर, काचेवर, पाइपात. मार्चमध्ये टाकी अशी दिसायला लागली की पाचवीच्या पोरांनी तिला 'विहीर' नाव ठेवलं. वर्गातल्या एकीनं मेलेला मासा पाहून रडून घेतलं होतं, ते घरी कळलं आणि तिचे वडील शाळेत येऊन विचारून गेले की पोरांना मढी दाखवायला शाळेत घालतो का आम्ही.

दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, मॅडम, मला नाही जमत. वृषालीनं दोनशे पानी वही घातली. रोज सकाळी आल्याबरोबर खारटपणा, तापमान, कोण दिसलं, कोण नाही दिसलं. आठव्या दिवशी वहीनंच तिला पहिली चूक दाखवली. खारटपणा रोज थोडा थोडा चढत होता. नगरची हवा कोरडी, उन्हाळ्यात टाकीचं पाणी दिवसाला बोटभर खाली जायचं, आणि ही बाई समुद्राचे मासे म्हणून रोज खारट पाणी वर ओतायची. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. परीक्षेत तिनं हे लिहून गुण मिळवले होते. स्वतःला शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवसापासून कमी झालेल्या पाण्याच्या जागी फिल्टरचं साधं पाणी टाकायला लागली. आठवड्यातून एकदा टाकीतलं थोडं पाणी काढून नवं खारं पाणी भरायचं, ते मात्र चालू ठेवलं.

नंतर तिनं पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला. दिव्यांचे तास निम्मे केले. शिपायापासून सातवीच्या मॉनिटरपर्यंत जो येईल तो चिमूटभर खाणं टाकून जायचा. तिनं डबा कुलपात ठेवला आणि शिव्या खाल्ल्या. शेवाळाचा जोर थोडा मोडला. पण ते खाणारं कुणी टाकीत टिकेना. करणनं फेब्रुवारीत दहा गोगलगायी पाठवल्या होत्या, समुद्रातल्या, बोटाच्या पेराएवढ्या, काच चाटून साफ करणाऱ्या. आठ दिवसांत एकेक करून वाळूत उलट्या पडल्या. मार्चमध्ये आणखी दहा आल्या आणि सोबत दोन कोळंब्या. कोळंब्यांनी दुसरी सकाळ पाहिली नाही.

वृषालीला एक गोष्ट खटकत होती आणि ती तिनं वहीत दोन रेघा मारून लिहिली: मासे जगतात, गोगलगायी मरतात. पाणी एकच, मग असं का?

लीना मॅडमना या प्रश्नात रस नव्हता. त्या वाईट नव्हत्या, पण त्यांना पालकांना तोंड द्यायचं होतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी बोलावून घेतलं. "तो दुकानदार आपल्याला मरायला टेकलेला माल पाठवतोय, असं मला वाटतं. मी त्याला तसं कडक पत्र लिहिलंय. आणि सुट्टी लागायच्या आत, तीस तारखेला, टाकी रिकामी करू या. त्या जागी ट्रॉफ्यांचं कपाट बसेल."

"आणि ते दोन मासे, मॅडम?"

"तो घेऊन जाईल परत."

वृषाली "बरं" म्हणाली आणि बाहेर येऊन टाकीसमोर उभी राहिली. तिला राग आला होता, आणि कुणाचा ते कळत नव्हतं.

आता या गोष्टीतलं घंगाळ. वृषालीची सासू गीताबाई मूळच्या पुणतांब्याच्या, गोदावरीकाठच्या. त्या नदीला तिकडे गंगाच म्हणतात. सून त्यांना आत्या म्हणते. ऊसतोडीला जात होत्या त्या दिवसांत पैपै साठवून त्यांनी एक तांब्याचं घंगाळ घेतलं होतं, आंघोळीचं, पण त्यात आंघोळ क्वचितच झाली. त्यांच्या दृष्टीनं ती घरातली सगळ्यांत चांगली वस्तू. लग्न, बारसं, पाहुणा, काही असलं की घंगाळ बाहेर निघायचं. तांब्यातलं पाणी म्हणजे औषध, हे त्या दिवसातून एकदा तरी सांगत.

करणनं जानेवारीत बजावलं होतं की मीठ कालवायला स्वच्छ भांडं घ्या, साबणाचा अंश नको. शाळेतल्या प्रत्येक बादलीत कधी ना कधी फिनेल गेलेलं. वृषालीनं घरी विचारलं तर गीताबाईंनी क्षणाचाही विचार न करता घंगाळ काढून दिलं. "ने. समुद्राचं पानी हाय, मंग चांगल्या भांड्यातच कालवावं." नवऱ्याच्या, नितीनच्या मोटारसायकलवर मागे बसून, घंगाळ मांडीवर घेऊन ती शाळेत आली होती. करणनं 'स्वच्छ भांडं' म्हटलं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर प्लॅस्टिकचा ड्रम होता. तांब्याचं घंगाळ त्याच्या स्वप्नातही आलं नसतं.

चौदा एप्रिलला जयंती. आठवडाभर आधीपासून त्यांच्या वस्तीत घरं धुणं, रंग काढणं, भांडी घासणं सुरू होतं. बारा तारखेला वृषालीनं घंगाळ घरी आणलं. गीताबाई अंगणात बसल्या, वाटीत चिंच भिजवलेली, शेजारी मिठाचा डबा. घंगाळ पुढ्यात ओढलं, आत पाहिलं आणि त्यांचा हात थांबला.

"वृषाली, आतून कुनी घासलं गं ह्ये?"

"कुणी नाही, आत्या. शाळेत कोण घासणार?"

"मंग बघ की. वरनं काळं, काठाला हिरवं, आन आत कसं सोन्यावानी. मी तर अजून हात बी न्हाई लावला."

वृषाली वाकून पाहायला लागली. पाणी जिथपर्यंत भरायची तिथपर्यंत लखलखीत, रेघ मारल्यासारखं. काठाचा हिरवा डाग तिनं आजवर चार वेळा फडक्यानं पुसला होता.

गीताबाईंनी चिंच मिठात बुडवली. "मीठ रातभर ऱ्हायलं आसंल. मिठानं तांबं उतरतंच की. म्हनून तर आपन चिंच-मीठ लावतो. आन ताक तरी कुठं ठिवतो आपन कल्हई न्हाई त्या भांड्यात? कळकतंय."

वृषाली तिथंच उंबऱ्यावर बसली. कल्हई नसलेल्या तांब्यापितळेत ताक ठेवायचं नाही, कळकतं, विष होतं, हे तिला दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. तीन महिने दर शुक्रवारी ती घंगाळात मिठाचं पाणी कालवून रात्रभर ठेवत होती आणि शनिवारी टाकीत ओतत होती. घंगाळाचं उतरलेलं तांबं कुठं गेलं, हे विचारायला आता सायन्स लागत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं तो कळसाच सगळं करत होता.

तिनं करणला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, तांबं माशांना थोडंफार सोसतं. गोगलगायींना आणि कोळंब्यांना कणभरही नाही. आजपर्यंत हे कुणी केलेलं ऐकलं नव्हतं."

"आता ऐकलंत," वृषाली म्हणाली. "निघेल का ते?"

"खडकात आणि वाळूत मुरलंय. सावकाश सुटेल. तांबं ओढून घेणारी पुडी पाठवतो आणि तपासायचे थेंब. पण पाणी बदलत राहावं लागेल. खूप वेळा."

फोन ठेवला तेव्हा गीताबाई घंगाळ पालथं घालून बसल्या होत्या. "माज्या भांड्यानं मारलं म्हन की त्यान्ला."

"भांड्यानं नाही, आत्या. मीठ मी कालवलं."

खरी परीक्षा पुढं होती. शाळेत ही चूक कुणाला ठाऊक नव्हती, आणि करणनं सांगितली असती तरी ती दुकानदाराची सबब ठरली असती. मॅडमचं कडक पत्र करणकडे गेलेलं होतं, दोष त्याच्या माथी जाणार होता, आणि तीस तारखेला टाकी गेली की विषयच संपत होता. वृषालीनं फक्त गप्प राहायचं होतं. आपल्याकडे नोकरीत टिकायची ती जुनी आणि खात्रीची युक्ती. ती जयंतीच्या दुसऱ्या दिवशी वही घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

"मॅडम, गोगलगायी मी मारल्या. दुकानदाराची चूक नाही. त्यांना ते पत्र मागे घेतलं म्हणून कळवा." तिनं घंगाळाचं सगळं सांगितलं. सांगताना ती बसली नाही. "आणि मला सुट्टीभर प्रयोगशाळेची किल्ली द्या. टाकी मीच बिघडवली, तर दुरुस्त करायलाही मीच पाहिजे. बिघडलेली म्हणून मी ती सोडणार नाही."

लीना मॅडमनी वही चाळली. पहिल्या पानापासून आजपर्यंत, एकही दिवस गाळलेला नाही. शेवटी म्हणाल्या, "शाळा उघडेल त्या सकाळी मला टाकीत जिवंत गोगलगाय दिसली पाहिजे. नाही दिसली तर कपाट बसेल."

मे महिनाभर वृषाली एक दिवसाआड शाळेत गेली. घरून, बोल्हेगावहून रिक्षा, मग फाटकापासून चालत. फिल्टरचं पाणी नव्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये कालवायचं, वीस-वीस लिटर काढायचं, वीस-वीस घालायचं. थेंब टाकले की पाण्यावर निळसर छटा चढायची, म्हणजे तांबं अजून आहे. पहिल्या आठवड्यात छटा गडद. दुसऱ्यात तेवढीच. तेव्हा मात्र तिचा धीर सुटला आणि ती रिकाम्या प्रयोगशाळेत स्टुलावर बसून रडली. मग उठून पुन्हा बादली भरली, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. वाळू सगळी काढून नवी घातली. बोटं सोलवटेपर्यंत खडक घासले. वस्तीतल्या बायका विचारत, सुट्टीत कुठं जाता? ती सांगायची, समुद्रावर.

जूनच्या पहिल्या आठवड्यात थेंब टाकले आणि पाणी तसंच राहिलं. तिनं तीनदा तपासलं. मग करणला कळवलं. त्यानं एकच गोगलगाय पाठवली आणि सोबत निरोप, "ताई, ही माझ्याकडून."

शाळा सोमवारी उघडणार होती. गोगलगाय गुरुवारी टाकीत गेली आणि शुक्रवारी दिसेना. शनिवारीही नाही. वृषालीनं खडक हलवले नाहीत, वाळू उकरली नाही. मेली असली तर मेली, पण शोधताना आपल्या हातून मरायला नको, एवढं ती आता शिकली होती.

सोमवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. बरोबर गीताबाई होत्या, नवं लुगडं नेसून. त्यांनीच हट्ट धरला होता. वृषालीनं दिवा लावला. जोडीतले दोन मासे वर आले. मागच्या काचेवर शेवाळाचा हिरवा थर अजून होता, आणि त्या थरातून खालून वर एक वाट गेली होती, बोटाएवढी रुंद, वाकडीतिकडी, स्वच्छ. वाटेच्या वरच्या टोकाला गोगलगाय होती.

दारात चपला वाजल्या. लीना मॅडम आत आल्या, चष्मा सावरून काचेजवळ वाकल्या. मग पर्समधून प्रयोगशाळेची दुसरी किल्ली काढली आणि वृषालीच्या हातावर ठेवली. "ही पण तुमच्याकडेच असू द्या," म्हणाल्या आणि प्रार्थनेला निघून गेल्या.

गीताबाई अजून वाकूनच होत्या. काचेला नाक टेकलं होतं.

"लई हळू खाती गं," त्या म्हणाल्या. "येवढं सगळं कवा व्हायचं?"

वृषालीनं वही उघडली, तारीख घातली.

"खाऊ द्या, आत्या. आता घाई नाही."